साठवलंच नाही तर मागणार काय? ऑनलाइन गोपनीयतेची पहिली कामं

गोपनीयतेचा विषय निघाला की नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "व्हीपीएन कोणतं घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमच्या ईमेलचा पासवर्ड अजून किती ठिकाणी चालतो?" बहुतेक वेळा समोरचा नुसता हसतो. दाराला कुलूप नाही आणि खिडकीला कोणत्या रंगाचा पडदा लावू याची चर्चा चाललेली असते.

हा लेख त्या कुलपापासून सुरू होतो. व्हीपीएन, म्हणजे तुमची इंटरनेटची वाहतूक आपल्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा, शेवटाकडे येईल, तेही दोन-चार ओळींत.

आधी एक कागद घ्या

फोन बाजूला ठेवा. कागदावर लिहा: माझ्याकडे जपण्यासारखं काय आहे, ते कुणापासून जपायचंय, आणि ते त्याच्या हाती लागलं तर नेमकं काय बिघडेल. पैसे उडवणारा चोर, फोन उघडून बघणारा घरातला माणूस, जाहिरातींसाठी माग काढणाऱ्या कंपन्या आणि सरकार, हे चार वेगवेगळे पाहुणे आहेत. चौघांना एकच उपाय लागू पडत नाही. पत्रकाराची गरज वेगळी, नवऱ्याच्या धाकातून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईची वेगळी. सगळ्यांपासून सगळं लपवायला निघालेला माणूस आठवड्याभरात दमतो आणि जुन्या सवयींवर परत येतो. हे मी बऱ्याच जणांचं होताना पाहिलंय, माझंही एकदा झालंय.

सरकारी पाळत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेडफोन लावून बसलेला गुप्तहेर येतो. प्रत्यक्षात सरकारकडे पाच-सहा वाटा असतात आणि त्यांतली सगळ्यात सोपी वाट म्हणजे कंपनीला पत्र पाठवून तुमची माहिती मागवणं. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन या कंत्राटी कर्मचाऱ्याने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची कागदपत्रं पत्रकारांमार्फत जगासमोर आणली. त्यातल्या 'प्रिझम' या इंटरनेट कंपन्यांकडून माहिती मिळवण्याच्या कार्यक्रमाच्या यादीत मायक्रोसॉफ्ट, गूगल, फेसबुक, ॲपल यांच्यासह ९ कंपन्यांची नावं होती. आपल्या सर्व्हरमध्ये सरकारला थेट शिरकाव दिल्याचं कंपन्यांनी नाकारलं. पण कायदेशीर आदेश आला की माहिती द्यावी लागते, हे त्यांनाही नाकारता आलं नाही. दुसरी वाट म्हणजे इंटरनेटच्या मोठ्या केबलवरूनच वाहतूक टिपणं, तिसरी म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या दलालांकडून ती चक्क विकत घेणं. अमेरिकी गुप्तचर यंत्रणा अशी खरेदी करतात, हे त्यांच्याच २०२३ मध्ये खुल्या झालेल्या अहवालात आहे. चौथी, तुमच्या फोनमध्येच हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवणं. आणि पाचवी, ज्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं: फोन हातातून काढून घेणं.

यातल्या पहिल्या तीन वाटांवर उपाय बराचसा एकच आहे. माहिती साठूच द्यायची नाही, किंवा साठलीच तर ती साठवणाऱ्यालाही वाचता येऊ नये. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच धाग्यावर चालतात.

पहिली पायरी: ईमेल आणि पासवर्ड

ईमेल खातं पहिलं, कारण बाकी सगळ्या खात्यांचा पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते. ईमेल गेला की सगळंच गेलं.

एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. एखाद्या फुटकळ संकेतस्थळाची यादी चोरीला जाते आणि तोच पासवर्ड चोर तुमच्या ईमेलवर लावून बघतात. तुमचा पत्ता अशा चोरीत सापडलाय का हे 'हॅव आय बीन पॉन्ड' या संकेतस्थळावर बघता येतं. ट्रॉय हंट यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. निकाल बघून घाबरू नका, जुनं ईमेल खातं असलेल्या बहुतेकांचं नाव तिथे निघतंच.

उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी यांपैकी काहीही घ्या. पहिलं सगळ्या उपकरणांवर आपोआप जुळतं, दुसरं तुमच्याच संगणकावर एका फाइलमध्ये राहतं. प्रत्येक खात्याला मॅनेजरनेच बनवलेला लांबलचक पासवर्ड द्यायचा आणि आपण फक्त एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा.

तो मुख्य पासवर्ड कसा बनवायचा? फाशांनी. खरंच. डाइसवेअर नावाची जुनी पद्धत आहे: ७,७७६ शब्दांची क्रमांक दिलेली यादी घ्यायची, फासा पाच वेळा टाकायचा, जे पाच आकडे येतील त्या क्रमांकाचा शब्द उचलायचा. असे सहा शब्द घ्या. एकूण शक्यता होतात ६ चा ३० वा घात. सेकंदाला एक लाख कोटी अंदाज करणारं यंत्र असलं तरी त्या सगळ्या तपासायला सुमारे ७,००० वर्षं लागतील. मात्र शब्द मनाने निवडायचे नाहीत. माणसाच्या मनाला येणारे शब्द चोरालाही सुचतात: मुलांची नावं, देवांची नावं, आवडत्या गाण्याची ओळ.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हा सल्ला आता सोडून द्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ मध्ये तो मागे घेतला, कारण लोक शेवटचा आकडा एकाने वाढवून मोकळे होतात. चोरीची शंका आली तरच बदला.

आता दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा पुरावा. एसएमएसने येणारा कोड हा त्यातला सगळ्यात कच्चा प्रकार. तुमच्या नावाने दुसरं सिम काढून तो पळवता येतो. शिवाय मोबाइल कंपन्या एकमेकींशी ज्या एसएस७ व्यवस्थेतून बोलतात तिचा पाया १९७० च्या दशकातला आहे, आणि तिच्यातून संदेश वळवता येतात हे अनेकदा दाखवून झालंय. सरकारच मागे लागलं असेल तर तेवढीही मेहनत नको, कारण मोबाइल कंपनी त्याच्याच कायद्याखाली असते. २०१६ मध्ये रशियातल्या दोन विरोधी कार्यकर्त्यांची टेलिग्राम खाती अशीच उघडली गेली. रात्री आपली एसएमएस सेवा बंद झाली आणि त्याच वेळात कुणीतरी आपल्या नावाने कोड मागवून आत शिरलं, असं त्यांनी सांगितलं.

म्हणून ऑथेंटिकेटर ॲप वापरा. ते दर ३० सेकंदांनी नवा कोड तुमच्या फोनवरच तयार करतं, त्याला नेटही लागत नाही. त्याहून पक्का उपाय म्हणजे यूएसबीसारखी दिसणारी सुरक्षा-किल्ली किंवा पासकी, म्हणजे फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली तशीच डिजिटल किल्ली. या दोन्ही संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेल्या असतात. तुम्ही फसून नकली पानावर गेलात तरी किल्ली फसत नाही. फिशिंगवर, म्हणजे अशा नकली पानांच्या फसवणुकीवर, मला माहीत असलेला हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

खातं परत मिळवण्याचे रिकव्हरी कोड कागदावर लिहा आणि महत्त्वाच्या कागदांत ठेवा. मी ते हुशारीने फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवले होते. फोन पाण्यात पडला तेव्हा ॲपही गेलं आणि कोडही गेले. खातं परत मिळवायला अकरा दिवस लागले.

दुसरी पायरी: फोन

अपडेट आलं की करा, त्याच दिवशी. कंटाळवाणा सल्ला आहे, पण महागड्या हेरगिरी सॉफ्टवेअरचीही वाट त्यानेच अडते. सप्टेंबर २०२१ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने आयफोनमधली एक फट शोधून काढली. तिच्यातून पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरत होतं आणि फोनवाल्याला कुठे बोट लावायचीही गरज नव्हती. काही दिवसांतच ॲपलने अपडेट काढून ती फट बुजवली. ज्यांनी 'नंतर आठवण करा' दाबलं त्यांचे फोन तसेच उघडे राहिले. ज्या फोनला कंपनीकडून अपडेट येणं थांबलंय, त्यावर गुपितं ठेवू नका.

लॉकचा कोड चार आकडी असेल तर किमान सहा आकडी करा, जमलं तर अक्षरांचा. बोटाचा ठसा आणि चेहरा सोयीचे असतात, पण कुणी बोट धरून फोनवर टेकवू शकतं. कोड डोक्यातून काढून घेणं तितकं सोपं नसतं. मोर्चाला जाताना, सीमा ओलांडताना, चौकशीला बोलावलं असताना फोन पूर्ण बंद करून ठेवा. यामागे तांत्रिक कारण आहे: फोन सुरू झाल्यापासून एकदाही उघडलेला नसतो तोवर बहुतेक डेटाचं कुलूप उघडणाऱ्या किल्ल्या मेमरीत आलेल्याच नसतात. एकदा उघडला की स्क्रीन लॉक केली तरी त्या किल्ल्या आतच राहतात आणि तपासयंत्रणांच्या उपकरणांना काम सोपं होतं.

मग परवानग्या. सेटिंगमध्ये जाऊन बघा की लोकेशन, मायक्रोफोन आणि संपर्कयादी कोणकोणत्या ॲपला दिलीय. टॉर्चच्या ॲपला तुमचा ठावठिकाणा कशाला हवा? संपर्कयादीबाबत जरा जास्त कडक राहा. त्या यादीत तुमचे नाही, इतरांचे नंबर असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळखक्रमांक अँड्रॉइडमध्ये काढून टाकता येतो. आयफोनमध्ये ॲपना माग काढण्याची परवानगी सरसकट नाकारता येते. माहितीचे दलाल वेगवेगळ्या ॲपमधला डेटा याच क्रमांकाने एकत्र जोडतात, त्यामुळे दोन मिनिटांच्या कामाचा फायदा मोठा आहे.

तिसरी पायरी: निरोप आणि त्यांचे बॅकअप

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे निरोप तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या कंपनीकडे किल्ली नसते. व्हॉट्सॲपमध्ये ही सोय २०१६ पासून सगळ्यांना आहे. टेलिग्राममध्ये मात्र नेहमीच्या गप्पांना ती नाही, फक्त 'सीक्रेट चॅट' वेगळं उघडलं तर मिळते. ग्रुपला तर नाहीच. 'टेलिग्राम सुरक्षित आहे' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, सरळ सेटिंग उघडून दाखवतो.

मी सिग्नल हे निरोपांचं ॲप सुचवतो. त्यामागचं कारण त्याच्या कुलपाहून जास्त त्याच्या रिकाम्या कपाटात आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाकडून सिग्नलला एका खात्याची माहिती देण्याचा आदेश आला. त्यांनी दिली, पण देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि ते शेवटचं कधी जोडलं गेलं. संपर्क, ग्रुप, कोण कुणाशी बोललं, यातलं काहीच त्यांच्याकडे नव्हतं. व्हॉट्सॲपचा मजकूर कुलूपबंद असला तरी कुणाशी, कधी, किती वेळा ही नोंद कंपनीला दिसू शकते.

आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे बॅकअप. गप्पा कुलूपबंद, पण रात्री त्यांची प्रत क्लाउडवर उघडी जाते, मग सरकारचं पत्र क्लाउडवाल्या कंपनीला येतं. व्हॉट्सॲपमध्ये २०२१ पासून बॅकअपलाही एन्क्रिप्शन लावता येतं, पण ते तुम्हाला स्वतः चालू करावं लागतं: सेटिंग, चॅट, चॅट बॅकअप. आयफोनवाल्यांसाठी 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' आहे. त्याने आयक्लाउडमधला बहुतेक डेटा असा बंद होतो की ॲपललाही उघडता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी ॲपलने ही सोय मागे घेतली. सरकारने त्या डेटापर्यंत पोहोचायची वाट मागितल्याच्या बातम्या त्याआधीच आल्या होत्या. एखादं कुलूप सरकारला इतकं खुपत असेल, तर ते बरं चालत असणार.

आपोआप नाहीसे होणारे निरोप चालू करा, एक आठवडा किंवा चार आठवडे. फोन कुणाच्या हाती लागला तरी पाच वर्षांच्या गप्पा सापडणार नाहीत. समोरचा दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढेल त्याला मात्र कुठलंच ॲप अडवू शकत नाही. संवेदनशील बोलणं असेल तर एकदा समोरासमोर भेटून सिग्नलचा सुरक्षा-क्रमांक ताडून घ्या, म्हणजे मधे कुणी बसलेलं नाही याची खात्री होते.

साध्या ईमेलला पोस्टकार्डच समजा. ईमेल कुलूपबंद करणारं पीजीपी १९९१ पासून आहे, पण नव्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. चुका फार होतात.

चौथी पायरी: मजकुराभोवतीची माहिती

मेटाडेटा म्हणजे पाकिटावरचा मजकूर. तुम्ही काय बोललात हे नाही, पण रात्री दोनला कुणाला फोन केलात, किती वेळ, कुठून, आणि त्याआधी कुणाला. लोकांना हे किरकोळ वाटतं. एनएसएचे माजी प्रमुख मायकल हेडन यांनी २०१४ मध्ये एका जाहीर चर्चेत सांगितलं होतं की आम्ही मेटाडेटाच्या आधारे माणसं मारतो.

लोकेशनचंही तसंच. २०१३ मध्ये संशोधकांनी १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावं काढून टाकलेली होती. तरी कुठे-कधी असे फक्त चार बिंदू कळले की ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी ओळखू येत होती. रात्री फोन कुठे असतो ते तुमचं घर, दिवसा कुठे असतो ते काम. नाव कशाला हवं?

गूगलच्या लोकेशन इतिहासाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. अमेरिकेतले पोलीस गुन्ह्याची जागा आणि वेळ कळवून गूगलला विचारायचे, त्या वेळी तिथे कोणकोणते फोन होते? अशा वॉरंटमध्ये सायकलवरून सहज गेलेला माणूसही यायचा. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की हा इतिहास यापुढे वापरणाऱ्याच्या फोनवरच राहील. कंपनीच्या सर्व्हरवर ढीगच नाही म्हटल्यावर ढिगात शोधायला सांगता येत नाही. तुमच्या गूगल खात्यात 'ॲक्टिव्हिटी कंट्रोल' उघडा, शोध आणि यूट्यूबचा इतिहास बंद करा किंवा तीन महिन्यांनी आपोआप पुसला जाईल असं लावा. जुना ढीग वेगळा पुसावा लागतो, तो आपोआप जात नाही.

फोटोतही ठिकाण लपलेलं असतं. २०१२ मध्ये अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी पोलिसांपासून लपत फिरत होते. त्यांच्यासोबत असलेल्या एका मासिकाच्या पत्रकारांनी त्यांचा फोटो संकेतस्थळावर टाकला आणि फोटोच्या फाइलमधूनच ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी काढून टाका.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. जीपीएस बंद केलं तरी फोन टॉवरशी बोलतच असतो, आणि जवळपासचा टॉवर कंपनीला कायम माहीत असतो. त्यावर ॲप नाही. फोन घरी ठेवणे, एवढाच उपाय.

ब्राउझर, व्हीपीएन आणि टॉर

फायरफॉक्स घ्या, त्यात जाहिराती आणि माग काढणारे अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका, पाच मिनिटांचं काम. इन्कॉग्निटोने, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीने, फक्त तुमच्या उपकरणावरचा इतिहास राहत नाही. संकेतस्थळाला आणि इंटरनेट कंपनीला तुम्ही दिसताच. याच गैरसमजावरून गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने मान्य केलं.

व्हीपीएनने पाळत थांबत नाही, पाळत ठेवू शकणारा बदलतो. आधी इंटरनेट कंपनीला दिसायचं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. सार्वजनिक वाय-फायवर किंवा संकेतस्थळं अडवलेली असताना ते कामाचं आहे. फुकटचं मात्र घेऊ नका. काही देशांत व्हीपीएनवरच बंधनं आहेत, तेव्हा आधी आपल्या देशाचा कायदा बघा.

टॉर हा ओळख लपवणारा ब्राउझर तुमची वाहतूक तीन टप्प्यांतून फिरवतो. पहिल्याला तुम्ही माहीत असता, शेवटच्याला संकेतस्थळ, दोन्ही एकत्र कुणालाच नाही. पण टॉर वापरताय हे दिसतं. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर कुणी फोडला नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वाय-फायवरून टॉर कोण वापरत होतं एवढं तपासलं आणि तो सापडला.

खरंच कुणी मागे लागलं असेल तर

तुम्ही पत्रकार, वकील, कार्यकर्ते असाल आणि धोका नुसता कल्पनेतला नसेल, तर आयफोनमध्ये 'लॉकडाउन मोड' चालू करा. तो २०२२ मध्ये आला. निरोपांतल्या बऱ्याचशा जोडण्या आणि अनोळखी फेसटाइम कॉल त्याने अडतात, थोडी गैरसोय होते. फोन रोज एकदा बंद करून चालू करा. काही हेरगिरी सॉफ्टवेअर रीस्टार्टनंतर टिकत नाही, पुन्हा घुसवावं लागतं.

२०२१ पासून ॲपल अशा हल्ल्याचा संशय आला की इशारा पाठवतं. खरा इशारा तुम्हाला लिंक दाबायला, फाइल उतरवायला किंवा पासवर्ड द्यायला सांगत नाही. आणि तुम्ही स्वतः ॲपल खात्याच्या पानावर लॉगिन केलंत की तो तिथेही वरच दिसतो. दिसला नाही तर आलेला इशारा नकली समजा.

इशारा खरा निघाला तर पहिली ऊर्मी फोन पुसून टाकायची होते. तसं करू नका, फॅक्टरी रीसेटने पुरावाच जातो. फोन पुढे वापरू नका, बाजूला ठेवा. दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या डिजिटल सिक्युरिटी हेल्पलाइनला लिहा. ती चोवीस तास चालते आणि कार्यकर्ते, पत्रकारांना फुकट मदत करते. इशारा कधी आला, त्याआधी कोणते विचित्र निरोप किंवा कॉल आले होते, हे तारखांसह कागदावर उतरवून ठेवा. तपासणारा पहिल्यांदा तेच विचारतो.